काही कमी नाही, साहेब

वसतिगृहात एक तहसीलदार राहतात अशी माझी पहिल्याच दिवशी समजूत झाली. तालुक्याच्या गावी नव्यानं निघालेल्या कॉलेजात मराठी शिकवायला म्हणून मी तुळजापूरहून ट्रंक घेऊन आलो होतो. गावात बिऱ्हाड मिळेपर्यंत वसतिगृहाच्या कोपऱ्यातली खोली घ्या, असं प्राचार्यांनी कळवलं होतं. अंगणात शिरलो तर पांढऱ्या धुवट कपड्यांतला, बुटका, काळासावळा, गुळगुळीत दाढी केलेला एक गृहस्थ तांब्यात निखारे घालून सदऱ्याला इस्त्री करत बसला होता. आतल्या खोलीकडं तोंड करून तो म्हणत होता, "तहसीलदारसाहेब, आंघोळ उरकली का न्हाय? इतिहासाचा तास काय तुमचा शिपाई करणार हाय?"

मी घाईघाईनं ट्रंक खाली ठेवली आणि कॉलर नीट केली. आतून आला तो ठिगळाच्या पायजम्यातला एक हडकुळा पोरगा, हातात बादली. त्याच्यामागून एक डॉक्टर आले, दोन वकील आले, आणि मोरी धुवायची पाळी असलेले एक कलेक्टर खराटा घेऊन आले. गृहस्थानं माझ्याकडं बघितलं, इस्त्रीचा तांब्या बाजूला ठेवला आणि हात जोडले. "मी धावारे. हितला रेक्टर."

रेक्टर म्हटल्यावर डोळ्यांपुढं जो रुबाब येतो त्यातलं सरांकडं काही नव्हतं. पत्र्याच्या दोन लांबट खोल्या, कोपऱ्यात माझी एक लहानशी, मधे अंगण, कडेला विहीर आणि मागच्या बाजूला त्यांचं स्वतःचं दीड खोलीचं बिऱ्हाड, एवढंच त्यांचं संस्थान. तिथं राहणारी पोरं सगळी खेड्यांतली, बहुतेक बौद्ध, थोडी मातंग, एखाददुसरं धनगराचं. घरातली काय, गल्लीतलीही पहिलीच कॉलेजात आलेली. नवा पोरगा आला की सर तीन-चार दिवस त्याला नुसते न्याहाळत, आणि मग एका सकाळी त्याचा हुद्दा जाहीर करत. त्यावर अपील नसे. एकदा एका पोरानं भीत भीत सांगितलं की सर, मला एस. टी.त कंडक्टर व्हायचंय. सर दिवसभर अस्वस्थ. संध्याकाळी त्याला बोलावून म्हणाले, "कंडक्टर व्हायला बी. ए. कशाला पायजे? तुम्ही डेपो मॅनेजर. जावा अभ्यासाला." एकदा हुद्दा दिला की पोराला अहो-जाहो. रागावले तरच अरे-तुरे, आणि तेही उर्दूत, कारण त्यांची पहिली बुकं निजामाच्या शाळेत झालेली. "बदतमीज" एवढा एकच शब्द ऐकला की आमचे कलेक्टर आणि वकील गोधडीत तोंड घालत.

मलाही हुद्दा मिळाला. आमच्या घरात देवीची पूजा, म्हणून मी पुजारीबुवा. मी घंटेला हात लावून वर्षं लोटली होती, नवीन मराठी कविता शिकवत होतो, सिगारेट ओढत होतो. पण अपील नसे.

सरांचा एक नियम मात्र मला सुरुवातीला नुसता हट्ट वाटायचा. वसतिगृहातल्या पोरानं कुणापुढं हात पसरायचा नाही. उसनी पेन्सिल मागितलेलीही त्यांना खपत नसे. मागायचं तर पुस्तक मागा, म्हणायचे. याच्यापायी एकदा मोठा तमाशा झाला.

अडत बाजारातल्या एका शेटजींच्या मुलीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा गडी डोक्यावर पातेलं घेऊन वसतिगृहाच्या दारात उभा राहिला. पातेल्यात उरलेली बुंदी. आमची पोरं ज्या दिवशी भाजीत बटाटा सापडे त्या दिवशी सण समजत, त्यांच्या नाकाला बुंदीचा वास गेला. सगळं प्रशासन दारात गोळा झालं. सर बाहेर आले, पातेल्यात डोकावले आणि गड्याला म्हणाले, "शेटजींना आमचा नमस्कार सांगा. लग्नाचं आवतन आलं असतं तर आमी पंगतीला आलो असतो. हे घेऊन जावा."

गडी गेला. पोरांची तोंडं बघवत नव्हती. मी मधे पडलो, म्हटलं, अहो सर, बुंदीला काय कळतंय कालची की आजची. सर उठले. खुंटीवरची पिशवी घेऊन बाजारात गेले, येताना बेसन, साखर आणि तेल घेऊन आले, आणि आयुष्यात कधी झारा हातात न धरलेल्या या माणसानं अंगणात तीन दगड मांडून बुंदी पाडायला घेतली. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, दारात कपाळाला हात लावून उभ्या. बुंदीचा एकच गोळा झाला. कलेक्टरांनी हातोडी मागवली. पोरांनी दोन दिवस तो गोळा फोडून खाल्ला आणि सर प्रत्येकाला विचारत फिरले, "कशी झालीय?" सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, "लई भारी, सर." एवढं खोटं त्या पोरांनी मनापासून सांगितलं.

त्या संध्याकाळी मला त्यांनी कारण सांगितलं, तेही मी न विचारता. ते सास्तूरकडच्या एका खेड्यातले. त्यांच्या घराकडं गावकीचं काम असे, निरोप पोचवायचा, सारा गोळा करायला हाळी द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं. त्याबदली संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागून आणायची. बाप आजारी पडला तेव्हा टोपलं घेऊन हे जायचे. "दारात उभं राहायचं, लांब. हाळी द्यायची, भाकर वाढा माय. ती बाहेर येणार, वरून टाकणार. कधी टोपल्यात पडायची, कधी भुईवर. पुजारीबुवा, भुईवरची भाकर बी मी घरी नेलीय. धर्म बदलला त्या वर्षी टोपलं म्या चुलीत घातलं." एवढं बोलून ते उठले आणि पोरांना अभ्यासाला बसवायला गेले. मी नंतर बुंदीचा विषय काढला नाही.

पाऊस त्या वर्षी आलाच नाही. त्याच्या आधीच्या वर्षीही यथातथाच होता. दिवाळीपर्यंत मी गावातल्या बिऱ्हाडात राहायला गेलो होतो आणि वसतिगृहाच्या विहिरीत बादली खडकावर आपटायला लागली होती. रस्त्यावरून बैल चालले की त्यांच्या बरगड्या मोजता येत, आणि पुढं पुढं बैलही दिसेनात. साऱ्या तालुक्यानं हातात घमेलं घेतलं. पाझर तलाव, रस्ते, खडी. जिथं काम निघेल तिथं माणसं झोपड्या टाकून राहायला गेली. आमची संस्था चालवणारी माणसं आणि साखर कारखाना चालवणारी माणसं एकच. कॉलेजच्या सभेत आणि कारखान्याच्या सभेत तीच तोंडं, फक्त कारखान्यात चहाबरोबर भजी मिळत. त्यांनी कारखान्याच्या ट्रकनं गावाला पाणी पुरवलं, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. पण ऊसच नाही म्हटल्यावर कारखाना थंड, आणि कारखाना थंड म्हणून संस्थाही थंड. आमचे पगार मागंपुढं व्हायला लागले.

मग उन्हाळ्याच्या तोंडाला गावात कॉलरा आला. ट्रकच्या पाण्यातून आला की नदीतल्या झिऱ्यातून, देव जाणे. आठवडी बाजार बंद झाला. एस. टी. स्टँडवर सुया घेऊन माणसं उभी राहिली. दंडावर सुई टोचून घेतल्याशिवाय गाडीत घेत नसत. वरून आदेश आला, वर्ग बंद, वसतिगृह बंद, मुलांनी आपापल्या गावी जावं. त्यामागून दुसरा कागद आला. वसतिगृह बंद असल्यामुळं मुलांच्या शिष्यवृत्तीतला जेवणाखाणाचा भाग तेवढ्या काळापुरता बंद. परीक्षा मात्र ठरल्या वेळीच होणार होती. वर्ग बंद, जेवण बंद आणि परीक्षा चालू. पोटं बंद ठेवायची तेवढी सोय त्या कागदात नव्हती.

बरीच पोरं गेली. सर एकेकाला स्टँडवर सोडायला जात आणि गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून सांगत, "परीक्षेला या. घरी कायबी होऊ दे, परीक्षेला या." मला एकदा म्हणाले, "ह्यातली निम्मी येत न्हाईत बघा. एकदा घमेलं उचललं, चार पैसे घरात गेले, की माय म्हणते आता कशाला जातूस. तिचं बी चुकत न्हाय."

ज्यांना जायला जागाच नव्हती ती राहिली. त्यातलाच एक तो पहिल्या दिवशीचा बादलीवाला तहसीलदार. नाव सुभाष. तेरच्या पुढं त्याचं गाव. तो गेला होता खरा. पण वेशीवरच गावकऱ्यांनी अडवलं, कॉलऱ्याच्या गावाहून आलास, आत यायचं नाही. आणि आत जाऊन तरी काय, घराला कुलूप. आईबाप कुठल्याशा तलावावर. कुठल्या, ते कुणाला नक्की सांगता येईना. तेरणेच्या कोरड्या पात्रात रात्र काढून तो पायी परत आला. सर दारातच उभे होते. त्याला बघून हसावं की रडावं ते त्यांना कळेना. "या तहसीलदार," एवढंच म्हणाले आणि आत घेतलं.

अशी दहा-बारा पोरं उरली. संस्थेनं सांगितलं, राहायचं तर राहा, आपल्या जबाबदारीवर. भटारखाना उघडणार नाही. आता त्यांना घरी जाता येईना आणि इथं जगता येईना. गावातली माणसंही वसतिगृहावरून जाताना नाकाला पदर लावत. वहिनी सरांच्या रेशनातली ती लाल मिलो ज्वारी दळून भाकरी करत. त्या भाकरीला ना चव ना चिकटा, हातात घेतली की तुकडे. मी माझ्या परीनं आणत होतो ते सर घेत नसत. मी वहिनींच्या हातात मागच्या दारानं देत होतो आणि हे सरांना माहीत होतं. हळूहळू दोन वेळचं एक वेळ झालं. पोरं दुपारी पाणी पिऊन झोपून राहत, कारण हालचाल केली की भूक लागते हे त्यांना फार लौकर कळलं.

एक दिवस प्राचार्य स्वतः वसतिगृहावर आले. माणूस सज्जन, पण खुर्चीला घाबरलेला. म्हणाले, जिल्ह्याहून साहेब येणार आहेत. बंद वसतिगृहांत अडकलेल्या मुलांसाठी काही खास मदत आलीय. ती सगळ्यांना पुरणार नाही. साहेब स्वतः फिरून, डोळ्यांनी बघून, जिथं खरी गरज दिसेल तिथं देणार. "जे दिसेल तेच साहेब लिहिणार, धावारे," प्राचार्य म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. मला समजलं. सरांनाही समजलं.

मी त्यांना स्पष्टच सांगितलं, सर, पोरं आहेत तशी उभी करा. काही करू नका. दाढ्या वाढल्यात, वाढू द्या. कपडे मळलेत, मळू द्या. ते ऐकून घेत होते. मला वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर अंगणात दोऱ्यांवर पांढरे सदरे वाळत होते. प्यायचं पाणी राखून ठेवलेल्या बादल्यांतून धुतलेले. पोरं पौर्णिमेला बुद्धवंदनेसाठी पांढरे कपडे घालत. ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेले तेच कपडे बाहेर निघाले होते. सर पहिल्या दिवसासारखेच तांब्यात निखारे घालून बसले होते, सदऱ्यामागून सदरा. एका वस्तऱ्यावर सगळ्यांच्या दाढ्या झाल्या. वहिनींच्या बाटलीतलं शेवटचं तेल पोरांच्या केसांना लागलं.

"सर, हे काय करताय?"

"पाव्हणे येणार हायेत, पुजारीबुवा."

"पाहुणे नाहीत ते! मदत द्यायला येणार आहेत."

"म्हणूनच." तांब्या सदऱ्यावरून फिरत राहिला.

जीप आली. पुढं संस्थेचे चेअरमन, मागं साहेब. साहेब वाईट माणूस नव्हता, हे आज आठवलं तरी वाईट वाटतं. वाईट असता तर त्याच्यावर तरी राग काढला असता. ओळीनं उभी असलेली पोरं, पांढरे शुभ्र कपडे, चापून बसवलेले भांग, झाडून सारवलेलं अंगण बघून त्याचा चेहरा खुलला. "वा! सकाळपासून बघत आलोय हो. बघवत नाही. इथं जरा बरं वाटलं." चेअरमननी लगेच सांगितलं, आमच्या संस्थेची शिस्तच तशी आहे. साहेब ओळीपुढून चालत गेला, सुभाषपुढं थांबला आणि मायेनं विचारलं, "काय रे, जेवणाखाणाची काही अडचण?"

सुभाषच्या शेजारचा पोरगा उन्हात डुलायला लागला होता. सुभाषनं मागून त्याचा कोपर धरला होता. हे मला दिसत होतं, सरांना दिसत होतं, साहेबाला दिसत नव्हतं. सुभाषनं सरांकडं बघितलं. दहा-बारा पोरं सरांकडं बघत होती. त्या एका क्षणात सरांनी "व्हय साहेब" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"काही कमी नाही, साहेब," धावारे सर म्हणाले.

शुद्ध बोलले. परक्या माणसापुढं ते नेहमी शुद्ध बोलत.

साहेबानं मान डोलावली, वहीत काहीतरी टिपलं, चेअरमननी हस्तांदोलन केलं आणि जीप धूळ उडवत गेली. ती वळणाआड जाताक्षणी तो डुलणारा पोरगा खाली बसला. मदत दुसऱ्या गावी गेली. जिथं गरज दिसली तिथं गेली, साहेबानं काही अन्याय केला नाही.

मी त्या दिवशी सरांवर इतका भडकलो की पोरांसमोर भडकलो. म्हणालो, तुमच्या अभिमानाची किंमत ही पोरं भरणार का? एक शब्द बोलायचा होता, एक! सर चुलीतली राख काढावी तसे तांब्यातले विझलेले निखारे काढत होते. वर न बघता म्हणाले, "पुजारीबुवा, तुम्ही देवीपुढं हात पसरता. तुमचा हात कुणी बघत न्हाय, देवीच बघती. आमी हात पसरला की सारं गाव बघतं. पोरांच्या डोळ्यांदेखत कसा पसरू? उद्या हीच कुठंतरी खुर्चीवर बसतील, आणि आयुष्यभर त्यांना दिसंल, सर हात जोडून उभं होते."

"खुर्चीवर बसायला जिवंत राहावं लागतं, सर."

त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही नाहीत. वहिनींनी माझ्याकडं निरोप पाठवला, तुम्ही तरी सांगा. माझा संताप गेला नव्हता आणि त्यांची दयाही येत होती, दोन्ही एकदम. मी गेलो नाही.

परीक्षेला थोडे आठवडे उरले तेव्हा पोरांनीच ठरवलं. गावापासून कोसभरावर पाझर तलावाचं काम चालू होतं. सकाळी लौकर ती निघाली तर सरांनी दारात खाट आडवी टाकलेली आणि वर स्वतः बसलेले. "ह्या दारातनं घमेलं उचलायला कुणी जायचं न्हाय. मी तुमाला त्याच्यातनं काढायला हितं बसलोय. मीच कसं घालू?"

पोरं थबकली. सुभाष पुढं आला. तो कधी सरांपुढं मान वर करून बोलला नव्हता, त्या दिवशीही केली नाही. खाली बघूनच म्हणाला, "सर, मागायचं न्हाय. कष्ट बी करायचं न्हाय. मग खायचं काय?"

सरांना जायला वाट नव्हती. पुढं पोरं, मागं बंद भटारखाना. मग उठले, खाटेचा एक पाय धरून ती बाजूला ओढली आणि म्हणाले, "पुस्तकं घ्या बरोबर."

त्या दिवसापासून सरही रोज तलावावर जायला लागले. घमेलं उचलायला नाही. पगारी माणसाला त्या कामावर घेत नसत. सायकलच्या मागं पुस्तकांचं गाठोडं बांधून जायचे. दुपारी बायाबापड्या भाकरी सोडून बसल्या, लहान पोरांना सुकडी वाटली जायला लागली, की भरावाच्या आडोशाला सरांचा वर्ग भरे. खणून ठेवलेल्या मातीवर बोटानं नकाशे काढत. मी दोनदा गेलो, मराठी घ्यायला. शेजारी खडी फोडणारी एक म्हातारी हात थांबवून ऐकत बसली आणि शेवटी म्हणाली, "मास्तर, गोड बोलायलाव, पर काय बोलायलाव ते काय कळंना." पोरं हसली. सर हसले. पुष्कळ दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. पण संध्याकाळी पोरं माघारी आली की सर त्यांचे हात बघायचे, एकेकाचे, कंदिलाजवळ धरून. तळव्यांची कातडी सोललेली. तेल लावायला तेल नव्हतं.

त्या दहा-बारांची मिळून एक टोळी लावली होती आणि नाईक म्हणून सुभाषचं नाव दिलं होतं. खणलेला खड्डा मोजून पगार निघे आणि तो टोळीच्या नाईकाच्या हातातच पडे. तो वाटपाच्या वेळी उभा नसला की टोळीचं नाव पुढच्या वाटपावर ढकलत. हे मी त्या वेळी ऐकलं होतं आणि विसरूनही गेलो होतो.

परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर अर्थशास्त्राचा, सुपरवायझर मी. पोरं पुढं आली, सगळी तीच पांढऱ्या कपड्यांतली, आणि मागून सायकलवरून सर. फाटकाशी ते उभे राहिले. हॉलमध्ये यायला त्यांना परवानगी नव्हती. प्रश्नपत्रिका वाटताना मला त्या पोरांचे हात दिसले. चिंध्या गुंडाळलेले. एकानं पेन धरायचा प्रयत्न केला, सोडला, चिंधी सोडून पुन्हा धरला. आणि एक बाक रिकामा. सुभाषचा.

मी खिडकीशी गेलो आणि फाटकाकडं बघून एक बोट वर केलं, एक कमी आहे. सर खिडकीपाशी आले. खिडकीशेजारच्या पोरानं मान खाली घालून पुटपुटलं, "सर, सुभाष पहाटंच तलावावर गेलाय. आज वाटप हाय. म्हणला तुम्ही जावा, मी मागनं येतो." सरांनी सायकल उचलली.

अर्ध्या तासानंतर कुणाला आत घ्यायचं नाही, हा नियम. घंटेचा टोला पडला, शिपायानं हॉलचं दार लावलं. प्राचार्य आणि विद्यापीठाचा माणूस आत खुर्च्या टाकून बसले होते. त्यानंतर थोड्या वेळानं बाहेर सायकल पडल्याचा आवाज आला. दार उघडून प्राचार्य बाहेर गेले, मीही त्यांच्यामागं दारापर्यंत गेलो. सरांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मागं सुभाष, गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला.

"धावारे, तुम्हाला नियम माहीत आहे," प्राचार्य म्हणाले. "मी काय करू?"

दार उघडं होतं. आत सगळी पोरं होती, त्यांची आणि गावातलीही. सरांनी एकदा आत पाहिलं. मग पायातल्या चपला काढल्या, हात जोडले, आणि बोलले तेव्हा शुद्ध बोलले नाहीत.

"साहेब, ह्याची चूक न्हाय. ह्यो पगाराच्या रांगेत हुता. पोरं उपाशी हायेत, साहेब. लई दिवसांपासनं उपाशी हायेत. त्या दिवशी ते साहेब आले तवा म्या खोटं बोललो. माझं पाप हाय, पोराचं न्हाय. एवढ्या बारी ह्याला पदरात घ्या. मी मागतो तुमाला."

हॉलमधली पेनं थांबली. मान कुणी वर केली नाही. त्यांची पोरं तर बाकांत अशी घुसली होती की नुसते केस दिसत होते. प्राचार्यांना काय करावं कळेना. विद्यापीठाच्या माणसाकडं त्यांनी बघितलं, तो आपल्या कागदांकडं बघत होता. प्राचार्य बाजूला झाले.

"जावा आत," सर सुभाषला म्हणाले.

सुभाष हलेना. "सर, वाटप चालू हाय. सगळ्यांचं..."

"ते म्या बघतो. जावा."

सुभाष आत आला आणि मातीच्या पायांनी बाकावर बसला. मी त्याच्यापुढं प्रश्नपत्रिका ठेवली तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते, माझेही होते, आणि दोघंही पहिला प्रश्न वाचत असल्यासारखं करत होतो. पुढं तो पास झाला, एवढं मला कळलं. सरांची आणि माझी मात्र पुन्हा गाठ पडली नाही. त्याच दुपारी वडील आजारी असल्याची तार आली, मी तुळजापूरला गेलो आणि तिथल्याच शाळेत चिकटलो. वसतिगृह काही उघडलं नाही, सर वहिनींना घेऊन सास्तूरकडं गेले, असं नंतर कुणीतरी सांगितलं.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या हॉलच्या खिडकीतून. तलावाकडं जाणारा रस्ता तिथून दिसायचा. झाड नाही, सावली नाही. सरांनी चपला घातल्या, सायकल उभी केली, मागच्या चाकातली हवा गेलेली बघितली. मग सायकल हातात धरून, उन्हात, चालत निघाले. तलावावरच्या पगाराच्या यादीत नाव सुभाषचं होतं, त्यांचं नव्हतं. तिथल्या कारकुनापुढं त्यांना पुन्हा हात जोडावे लागणार होते, पुन्हा तेच सगळं सांगावं लागणार होतं, साऱ्या रांगेदेखत. वाटप संपायच्या आत पोचायचं म्हणून ते जवळजवळ पळत होते.